टुंड्रातली झाडं रंध्रं बंद ठेवत असतील तर वाढतात कधी?

राजारामपुरी_आठवी_गल्ली

नमस्कार. मी कोल्हापुरात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. वनस्पतिशास्त्राच्या नोट्समध्ये टुंड्रावर अर्धं पान आहे. टुंड्रा म्हणजे ध्रुवाकडचं थंड वाळवंट, पाणी गोठलेलं असल्यानं मुळांना मिळत नाही, म्हणून झाडं बुटकी, पानं बारीक, पानावर मेण आणि लव, आणि स्टोमॅटा, म्हणजे हवा-बाष्प ये-जा करणारी पानावरची बारीक रंध्रं, बहुतेक वेळ बंद. एवढं पाठ झालं, पण डोक्यात बसेना.

तिकडे उन्हाळा जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. तेवढ्यातच वाढायचं, फुलायचं आणि बी धरायचं. त्यात स्टोमॅटा मिटून बसलं तर कार्बन डायऑक्साइड आत येणार कुठून? शिवाय फोटो बघावेत तर जिकडेतिकडे डबकी आणि दलदल. मग वाळवंट कसलं? आणि सूर्य महिनोन् महिने मावळतच नाही, तर स्टोमॅटा उघडायची-मिटायची वेळ झाडाला कळते कशी?

शिरोळला मामाच्या शेतात एप्रिलच्या दुपारी उसाची पानं गुंडाळलेली पाहिलीत. तसलं काही तिकडे होतं का? सोप्या मराठीत सांगितलंत तर बरं होईल.

---

एमएच_०९

एवढं काय त्यात? ‘फिजिऑलॉजिकल ड्राउट’, म्हंजे पाणी असून मुळांना ओढता येत न्हाई, एवढं लिहायचं, खाली दोन रेघा मारायच्या, मार्क पडत्यात. लई खोलात गेलीस तर पेपर तपासणाराच गांगरतोय.

---

सड्यावरची

मार्कांपुरतं एमएच_०९ म्हणतात ते खोटं नाही. पण तू विचारलंयस ते मार्कांसाठी नव्हे, तेव्हा सविस्तर लिहिते. मी ज्युनियर कॉलेजला हाच विषय शिकवायचे, आता निवृत्त आहे. लांबण लागली तर चहा घेऊन ये आणि मग वाच.

तुझ्या नोट्समधल्या त्या अर्ध्या पानानं दोन ऋतू एकाच वाक्यात कोंबलेत. मुळांना पाणी मिळत नाही ते हिवाळ्यात, आणि तेव्हा बहुतेक झाडं झोपलेलीच असतात. रंध्रं उघडायची वेळ येते उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात बऱ्याच टुंड्रात पाणी मुळाशी साचलेलं असतं. तू फोटोत पाहिलीस ती डबकी खरीच आहेत.

पाऊस आणि बर्फ मिळून तिकडे बऱ्याच ठिकाणी वर्षाला १५० ते २५० मिलिमीटर पाणी पडतं. आपल्या गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजारांच्या पुढे पडतो, म्हणजे तिकडचं अख्खं वर्ष इथल्या जुलैतल्या एक-दोन दमदार दिवसांत उरकेल. तरीही दलदल का? तर जमिनीखाली कायमचा गोठलेला थर असतो, पर्माफ्रॉस्ट. उन्हाळ्यात वरची माती तेवढी सुटते, कुठे वीत-दोन वीत, कुठे मीटरभर. पाण्याला खाली जायला वाट नाही आणि हवा गार, त्यामुळे ते उडूनही फारसं जात नाही. पावसाळ्यात मसाई पठारावर गेली असशील तर जांभ्यावरची चार बोटं माती कशी चिंब होऊन बसते ते पाहिलं असशील. तिथं पाणी दगड अडवतो, टुंड्रात बर्फ अडवतं.

आता मेण, लव आणि बुटकेपणा. हे सगळं ‘पाणी वाचवायला’ असं सरसकट लिहिलेलं असतं आणि ते मला वर्गात शिकवतानाही खटकायचं. वाळवंटातल्या झाडाचं वर्णन उचलून बर्फावर चिकटवल्यागत वाटायचं. टुंड्रातल्या पानाची पहिली अडचण गारठा ही आहे. बाहेर हवा पाच-सात अंश, आणि पानाचं काम नीट चालायला हवं पंधरा-वीसच्या आसपास. तेव्हा पानाला आधी ऊब धरायची असते. जमिनीलगत वारा मंद असतो, म्हणून झाड जमिनीला चिकटतं. लव पानाजवळची हवा हलू देत नाही. सायलिनी अकॉलिस नावाचं गुलाबी फुलांचं झुडूप आहे, त्याच्या शेकडो फांद्या एकमेकींना इतक्या खेटून वाढतात की वरून घट्ट हिरवी उशी दिसते. ऊन असेल आणि वारा पडलेला असेल तर अशी उशी बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी सहज गरम असते.

टुंड्रा मी पाहिलेला नाही. पण लडाखच्या उंच खिंडीत थायलॅकोस्पर्ममच्या उश्या पाहिल्यात, त्याच कुळातल्या. वाऱ्यानं कान बधिर झालेले, स्वेटरवर जाकीट, आणि उशीवर तळहात टेकला तर चक्क कोमट. बोटानं दाबून पाहिलं तर लाकडासारखी टणक, नख शिरेना. दोन फांद्यांच्या मध्ये कुजलेली जुनी पानं गच्च भरलेली होती आणि ती ओली होती, बाहेरची माती मात्र भुरभुरीत कोरडी. ते हिमालयातलं झाड आहे, आर्क्टिकमधलं नव्हे, पण युक्ती तीच.

आता गंमत बघ. ही ऊब पानाला फुकट मिळत नाही. पानाच्या आत, रंध्राखालच्या पोकळीत हवा जवळजवळ पूर्ण दमट असते, आणि त्या हवेचा बाष्पदाब, म्हणजे तिच्यातल्या वाफेचा दाब, ठरतो पानाच्या तापमानावर. समजा बाहेर ५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता आहे. म्हणजे बाहेरचा बाष्पदाब सुमारे ०.६ किलोपास्कल. पानही ५ अंशांवर असेल तर आतला दाब ०.८७, फरक पाव किलोपास्कलच्या आसपास, पाणी जेमतेम जाईल. पण उन्हात पान २० अंशांवर गेलं की आतला दाब २.३४ होतो आणि फरक १.७ च्या पुढे जातो, म्हणजे साडेसहा पट. हवा तीच, आर्द्रता तीच, फक्त पान तापलं. डिसेंबरात पन्हाळ्यावर पहाटे चहाचा कप हातात घेतला की वाफ कशी भसाभसा निघते, तसं हे आहे.

तुलनेसाठी आपल्याकडचा एप्रिल घे. दुपारी ३८ अंश, आर्द्रता २५ टक्के आणि पानही तेवढंच तापलेलं. फरक येतो पाचाच्या घरात. म्हणजे टुंड्रातलं पान तापलेलं असतानाही मामाच्या उसाच्या एक तृतीयांश ओढ सोसतं. रंध्रं दिवसभर मिटून बसावं असं त्यात काही नाही. ओल्या टुंड्रात ती उन्हाळ्यात बराच वेळ उघडीच असतात.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, ती पुस्तकात उलटी वाचायला मिळते. ‘वाऱ्यानं बाष्पोत्सर्जन (पानातून वाफ होऊन पाणी जाणं) वाढतं’ हे आपण घोकतो. पान हवेहून बरंच गरम असेल आणि रंध्रं अर्धीमुर्धी मिटलेली असतील तर वारा पानाला थंड करतो, आतला बाष्पदाब उतरतो, आणि बाष्पोत्सर्जन वाढायच्या ऐवजी घटतंही. परीक्षेत हे लिहू नकोस, उगाच वाद. पण ध्यानात ठेव.

मेणचट, जाड, चिवट पानांमागे भुकेचाही हात आहे. गार मातीत कुजणं फार संथ चालतं, त्यामुळे नायट्रोजनचा तुटवडा. एक पान घडवायलाच इतका खर्च येतो की कित्येक झुडपं तेच पान दोन-तीन किंवा जास्त वर्षं वापरतात. टिकाऊ पान बांधायचं म्हणजे ते जाड आणि कडक होणारच.

पाण्याची खरी टंचाई कुठं पडते? एक म्हणजे वाऱ्यावरच्या खडकाळ उंचवट्यावर. तिथं बर्फ टिकत नाही आणि मातीत गोटेच जास्त. अशा जागी ड्रायस (जमिनीलगतचं एक झुडूप), सायलिनी असल्या मंडळींची मुळं खोल जातात आणि रंध्रं दुपारी आवरती घेतली जातात. दुसरं, मुळं गारठलेली असताना. शून्य अंशाला पाणी २५ अंशांच्या मानानं दुप्पट चिकट असतं, आणि मुळांच्या पेशींतले पाण्याचे मार्गही थंडीत आखडतात. वर पान तापलंय, खाली मूळ गार, मागणी आहे पण पुरवठा होत नाही. अशा वेळी अ‍ॅब्सिसिक आम्ल हे झाडातलं संप्रेरक कामाला येतं. त्याच्या इशाऱ्यावर रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं, मागोमाग पाणी जातं, पेशी सैल पडतात आणि रंध्र मिटतं. ही यंत्रणा आपल्या जास्वंदीतही हीच, त्यात ध्रुवावरचं वेगळं असं काही नाही.

तिसरी आणि सगळ्यात वाईट वेळ हिवाळा सरता सरता येते. ऊन चढलेलं असतं, बर्फातून वर आलेली फांदी तापते, आणि मुळं मात्र अजून गोठलेलीच. गेलेल्या पाण्याची भरपाई होत नाही. त्यात वाऱ्यानं उडालेले बर्फाचे कण पानावरचं मेण खरवडून काढतात. इथं तुझ्या नोट्समधलं ‘फिजिऑलॉजिकल ड्राउट’ अगदी बरोबर लागू पडतं. म्हणून कित्येक झुडपांची उंची त्या जागी साचणाऱ्या बर्फाएवढीच राहते. जी फांदी वर डोकावली ती वाळली. बर्फाखाली मात्र हवा दमट, वारा नाही, आणि मातीतल्या जिवाणूंच्या श्वसनातून आलेला कार्बन डायऑक्साइड तिथंच कोंडलेला. बर्फ पातळ होऊन उजेड झिरपू लागला की काही सदाहरित झुडपं बर्फाखालीच कामाला लागतात.

मावळत नसलेल्या सूर्याचं. रंध्रं मुख्यतः उजेडाला, त्यातही निळ्या उजेडाला, आणि पानातल्या कार्बन डायऑक्साइडला प्रतिसाद देतात. मध्यरात्री सूर्य क्षितिजाजवळ असतो, उजेड मंदावतो, रंध्रं थोडी आवरतात, पण पूर्ण मिटायची गरज पडत नाही. ऐन उन्हाळ्यात रात्री बारालाही काही झाडांचा हिशेब नफ्यात असतो.

नावानिशी उदाहरण हवं असेल तर ऑक्सिरिया डायगायना घे. आपल्या चुक्याच्या कुळातली, पान गोलसर आणि चवीला तसंच आंबट. ही आर्क्टिकमध्येही आहे आणि उंच डोंगरांवरही, हिमालयातसुद्धा. हॅरल्ड मूनी आणि ड्वाइट बिलिंग्ज या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६१ साली तिच्या उत्तरेकडच्या आणि डोंगरावरच्या रोपांची तुलना छापली. जात एकच, पण उत्तरेकडच्या रोपांचं प्रकाशसंश्लेषण कमी तापमानाला कळस गाठतं, आणि डोंगरावरची रोपं जास्त प्रखर उजेड वापरू शकतात.

उरला ऊस. पानाच्या वरच्या बाजूला मोठ्या फुगीर पेशींच्या ओळी असतात. त्यांतलं पाणी उतरलं की पान आत वळतं. टुंड्रातल्या फेस्क्यूसारख्या गवतांची पानंही अशीच मिटलेली, सुईसारखी अरुंद असतात. पण ऊस सी-४ आहे आणि टुंड्रातली झाडं जवळपास सगळी सी-३, या कार्बन डायऑक्साइड पकडायच्या दोन पद्धती. थंडीत सी-४ चा फायदा उरत नाही आणि त्यातली काही विकरं (एन्झाइम्स) गारठ्यात ढेपाळतात. जाता जाता, ‘ऊस पाणी पितो’ म्हणून आपण त्याला शिव्या घालतो. पण एक ग्रॅम वाढीमागे तो गव्हा-भातापेक्षा कमी पाणी उडवतो. आडसालीचा ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, म्हणून बिल मोठं येतं.

---

घनसाळ_आजरा

ताई, समदं वाचलं. माझा एक सवाल. माती एवढी चिंब म्हणतासा, तर मुळं कुजत न्हाईत व्हय? आमच्या भातात पाणी तुंबलेलं चालतंय, पर शेजारच्या तुकड्यात चार दिस पाणी ऱ्हायलं की मिरची आडवी. मग तिकडच्या झाडांची मुळं श्वास कुठनं घेत्यात?

---

सड्यावरची

दादा, नेमकं बोललात. टुंड्राच्या वायुविनिमयातला हा भाग मी वर गाळला होता.

तुमचं भात जे करतं तेच तिथं एरिओफोरम करतं. आपल्या बांधावरच्या लव्हाळ्याचं चुलत भावंड, डोक्यावर पांढऱ्या कापसाचा झुपका. त्याच्या पानापासून मुळापर्यंत आत पोकळ्यांची सलग वाट असते, तिला एरेंकायमा म्हणतात. पानातून शिरलेला ऑक्सिजन त्या वाटेनं खाली मुळाच्या टोकापर्यंत पोचतो. मिरचीला ही सोय नाही, म्हणून ती गुदमरते. भाताचं एक खोड ब्लेडनं आडवं कापून उजेडाकडे धरा, भोकं नुसत्या डोळ्यांनीही दिसतील.

पण वाट खाली जाते तशी वरही येते. पाण्याखालच्या कुजक्या चिखलात जिवाणू मिथेन तयार करतात. भातखाचरातून निघणारा बहुतांश मिथेन बुडबुड्यांनी येत नाही, तो भाताच्या खोडातून वर येतो. ओल्या टुंड्रात एरिओफोरम आणि त्याचे सोबती तेच करतात. पर्माफ्रॉस्ट वितळायला लागल्यावर शास्त्रज्ञांचं या साध्या गवताकडे एवढं लक्ष का, याचं एक कारण हे. चिखलातच राहिला असता तर मिथेनचा बराच वाटा वरच्या ऑक्सिजनवाल्या थरातल्या जिवाणूंनी खाऊन टाकला असता. खोडातून आला की तो थर चुकवून थेट हवेत.

---

घनसाळ_आजरा

आयला, म्हंजे आमचं भात बी धुराडंच की! उद्या खोड कापून बघतो.

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली

मॅडम, खूप खूप धन्यवाद. बाष्पदाबाचा हिशेब वहीत उतरवून घेतला. दोन गोष्टी राहिल्या. टुंड्रात मॉस आणि लायकेन (दगडफूल) भरपूर असतात म्हणे. त्यांना स्टोमॅटाच नसतात, मग ती पाणी कसं राखतात? आणि यावर छोटा प्रोजेक्ट करायचा झाला तर कोल्हापुरात बसून काय करता येईल? टुंड्रातलं रोप काही मिळणार नाही.

---

सड्यावरची

ती पाणी राखतच नाहीत. हवा कोरडी झाली की मॉस वाळतं, भिजलं की पुन्हा कामाला लागतं. मॉसच्या पानाचा बहुतेक भाग एकाच पेशीच्या जाडीचा, वर म्हणावं असं मेण नाही, त्यामुळे वायू आणि पाणी थेट पेशीतूनच ये-जा करतात. रंध्रं असलीच तर बीजाणूंच्या बोंडावर, पानावर नाहीत. लायकेनलाही रंध्रं नाहीत. यांची अडचण उलटी असते. फार भिजलं तर पृष्ठभागावर पाण्याचा पापुद्रा धरतो, आणि कार्बन डायऑक्साइड पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी संथ सरकतो. म्हणजे चिंब मॉसचा घास अडतो तो पाण्यामुळेच.

हे बघायला लांब जायला नको. एप्रिल-मे मध्ये कंपाउंडच्या भिंतीवर काळं पडलेलं मॉस असतं, त्याचा नखाएवढा तुकडा काढ, भिंगाखाली ठेव आणि ड्रॉपरनं पाण्याचा एक थेंब सोड. दांडीला चिकटलेली पानं एकेक करून बाहेर वळतात, मिनिटा-दोन मिनिटांत तुकडा हिरवा. वर्गात ही गोष्ट करून दाखवली की मागच्या बाकावरचीही पुढे यायची.

प्रोजेक्टसाठी कण्हेर घे. गणपतीला फुलं वाहतो तीच, गल्लीत कुणाच्याही दारात मिळेल. तिची रंध्रं पानाच्या खालच्या बाजूला खळग्यांत असतात आणि खळगे लवेनं भरलेले. टुंड्रात कॅसिओपी नावाच्या झुडपाच्या खवलेदार पानावर खालून खाच असते, रंध्रं त्या खाचेत दडलेली. शेजारी सूर्यफूल ठेव, त्याला दोन्ही बाजूंना रंध्रं. आणि ऊस, त्याच्या रक्षक पेशी घेवड्याच्या दाण्यासारख्या नसून डंबेलच्या आकाराच्या दिसतील.

ऊस आणि सूर्यफुलासाठी बिनरंगी नेलपॉलिश पुरतं. पानावर पातळ थर द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, वर सेलोटेप दाबून हळूच सोलायचं आणि काचपट्टीवर चिकटवायचं. ठशातून रंध्रांची संख्या आणि मांडणी भरवशानं मिळते. रंध्र किती उघडं होतं ते मात्र ठशावरून ठरवू नकोस, नेलपॉलिशमधल्या द्रावकानं पान तेवढ्यात सुकतं आणि आकडा फसवतो. सूर्यफुलाच्या केसांमुळे ठसा फाटायला लागला तर कोवळं पान सोडून जून पान घे.

कण्हेरीला ठसा चालत नाही, खळग्यात नेलपॉलिश उतरत नाही. तिचा आडवा छेद घ्यावा लागतो. पानाची पट्टी गाजराच्या चिरेत धर, नवं ब्लेड पाण्यात बुडवून एका दिशेनं ओढ, आणि सगळ्यात पातळ काप सॅफ्रानिन या लाल रंगात घाल. खळगे कमी भिंगातही सहज दिसतात. एक जपायचं, कण्हेरीचा चीक विषारी असतो. हात साबणानं धुऊनच डबा उघड, आणि ते ब्लेड घरी आणू नकोस.